वेल्डर कोसळतो तो प्रसंग

पोपट खुर्चीवरून घसरून खाली पडला, तेव्हा आधी सगळे हसले. नकला करायची त्याला सवयच होती. ॲनिमेशन मालिकेतल्या माणसांचे ओठ हलवायचं काम त्याच्याकडे. दिवसभर स्क्रीनसमोर बसून तो त्यांचे संवाद स्वतःच्या तोंडाने बोलून बघायचा, म्हणून तर तो पोपट. पण या वेळी त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"अरे, नाटक नाहीये हे," काकू उठत म्हणाल्या. "पाणी आणा कुणीतरी!"

तळघरातली ती खोली भट्टीसारखी तापली होती. पंखा बंद. एकुलत्या एका खिडकीला फोम लावून वर फळी ठोकलेली. भिंतीपलीकडे रेकॉर्डिंग चाललं होतं आणि दिग्दर्शकांना इकडून टाचणी पडल्याचाही आवाज चालत नव्हता. त्यातून आजचं काम नाजूक. अंतराळात काम करणाऱ्या माणसाचा श्वास टिपायचा होता. एक नट सकाळपासून माइकसमोर उभा राहून छाती भरभरून श्वास घेत होता.

मालिका होती अंतराळ स्थानकावरच्या कामगारांची. राजपुत्र नाही, राक्षस नाही, लढाया नाहीत. वेल्डर, सफाईवाल्या, खानावळीतली बाई, रात्रपाळी करून आलेली आणि भोक पडलेले मोजे दोरीवर टाकणारी माणसं. "ॲनिमेशन असलं म्हणून काय झालं, एक रेघ खोटी चालणार नाही," असं दिग्दर्शक प्रत्येक मुलाखतीत सांगायचे. ते खरंही होतं. माणसांच्या मागची दृश्यं काकू काढायच्या. पाइपावर वाळत घातलेला बनियन, टवका उडालेला मग, दारामागे खिळ्याला टांगलेली पिशवी, सगळं त्यांनी स्वतःच्या घरातून उचललेलं. समीक्षकांनी लिहिलं, केवढी ही कल्पनाशक्ती! काकूंच्या सासूबाई म्हणाल्या, अगं, आपला मग टीव्हीवर कसा गेला?

गडबड ऐकून दिग्दर्शक धावत आले. खाली पडलेल्या पोपटाला बघून त्यांचा चेहरा उतरला. मग हळूहळू उजळला.

"थांबा! हात लावू नका त्याला."

सगळ्यांना वाटलं, काळजीने म्हणताहेत.

"तो हात बघा कसा दुमडलाय. ती मान बघा. कधीपासून हेच सांगतोय मी तुम्हाला! हवा कमी पडली की वेल्डर असा कोसळतो. काकू, पटकन काढून घ्या. पुन्हा नाही मिळायचं हे."

आणि काकूंनी काढलं. का काढलं, ते त्यांना पुढेही कधी धड सांगता आलं नाही. पेन हातात होतं, सरांनी सांगितलं, हात चालू लागला. कागदावर मान उतरली, दुमडलेलं कोपर उतरलं. बोटांपाशी आल्यावर मात्र त्या अडल्या. पोपटाच्या अंगठ्याला गुलाबी नेलपॉलिश होतं. त्याच्या लेकीने लावलेलं, नखाबाहेर फासलेलं. वेल्डरच्या अंगठ्याला हे शोभेल का, असा विचार काकूंच्या मनात येऊन गेला, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी पेन बाजूला टाकलं.

"दोघं जण खांदे धरा. पाय मी धरते. वर घ्या याला."

"काकू, अहो, निदान बोटं तरी—"

काकूंनी मागे वळूनही बघितलं नाही.

वर रस्त्यालगतच्या पायऱ्यांवर वारा होता. पोपटाने डोळे उघडले. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन नाडी बघून गेल्या. "काही नाही, गुदमरलाय. कामाला कुठे असतो?"

"अंतराळात," कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरीणबाई गेल्या, पण खाली जायला कुणी उठेना. कुणी काही ठरवलं नव्हतं. रंग भरणारी मुलगी पोपटाच्या शेजारी बसली, तिच्या शेजारी बाकीचे बसत गेले. शेवटी पायऱ्या भरून गेल्या.

थोड्या वेळाने दिग्दर्शक वर आले. "हे काय चाललंय? भाग उद्या वाहिनीला द्यायचाय!"

"खिडकीची फळी काढा, सर," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, कारण घरात मिळवत्या त्या एकट्याच होत्या. "पंखा लावा. आम्ही लगेच येतो."

"पंखा घरघरतो, काकू. अंतराळात घरघर कशी..." बोलता बोलता ते थांबले. पायऱ्यांवर ओळीने बसलेल्या माणसांकडे बघत राहिले. मालिकेतले कामगारही याच भागात काम बंद करून असेच व्यवस्थापकाच्या दारात बसणार होते, आणि व्यवस्थापक त्यांना हाकलून देणार होता. दिग्दर्शकांचे डोळे भरून आले.

"चुकलो मी," ते म्हणाले. "आज तुम्ही माझे डोळे उघडलेत."

पोपट सावरून बसला. रंग भरणारी मुलगी तर कपडे झटकून उठलीसुद्धा.

"फार निर्दय वागलो मी. त्या वेल्डरांना हाकलायचं नाही. त्यांच्या मागण्या मान्य! पुढच्या भागात हवेची अख्खी यंत्रणा नवी बसवून देतो. खिडक्या देतो, मोठ्या, उघडणाऱ्या!"

"अंतराळात?" पोपट पुटपुटला.

"देतो म्हणतोय ना! आता तरी खुश? चला, खाली चला."

उठलेली मुलगी पुन्हा खाली बसली. काकूंनी मानेवरचा घाम पुसला, पोपटाला टेकायला आपला खांदा दिला आणि म्हणाल्या,

"मग तो भाग वेल्डरांनाच काढायला सांगा, सर."