साहेबाची खुर्ची

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," चपला काढतानाच पालिकेच्या मुकादमाने बजावलं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला निघायचं म्हणून बायको भरलेल्या बॅगेवरच बसली होती. "शहर चौपट वाढलं, भरती बंद. जो निवृत्त होतो, त्याचा कार्यभार माझ्याच गळ्यात. आज मुकादमाच्या खुर्चीतून रजा मागितली, उठून कारकुनाच्या खुर्चीतून शिफारस केली, साहेबाच्या खुर्चीत टेकलो तर खुर्चीच गुरगुरली, 'गटारं काय तुझा सासरा उपसणार?' हातापाया पडलो गं! नामंजूर!" खिशातला फोन किणकिणला, नव्या वसाहतीत गटार तुंबलं असणार. त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच अडकला, कारण बायको उभी राहिली. "साहेब तुम्हीच, मग 'हो' म्हणायला कुणी तोंड दाबलं होतं? अहो, रजा मागितलीच नाहीत तुम्ही! लेक जन्मली तेव्हाही हीच थाप. निदान तेव्हा साहेब तरी दुसरा होता!"