बागेचे दिवे

"बागेचे दिवे तुम्ही घालवलेत आणि जीव आमचे चाललेत!" कुंदा भिंतीवरच्या फोनमध्ये ओरडली. पलीकडून वीजघरातल्या माणसाचा थंड आवाज आला, "वीजबचत चालू आहे, बाई."

जमिनीखालच्या त्या बंद वस्तीत बाग देईल तेवढीच हवा. आजाऱ्याला भेटायला जाताना फळांऐवजी रोप न्यायची तिथली रीत. कुंदाच्या सासऱ्यांच्या, दत्तोबांच्या खाटेभोवती शेजाऱ्यांनी कुंड्यांचं रान करून टाकलं होतं. घरातलेही दिवे बंद होते; त्या काळोखात म्हातारा धापा टाकत होता.

कुंदा कुंड्या बाहेर काढू लागली, तशा शेजारच्या यमुनाकाकू फणकारल्या. "अगं, प्रेमानं आणलीत! झाडं हवा देतात ना?"

"उजेड असला तर, काकू. अंधारात तीही आपल्यासारखीच प्राणवायू ओढतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. अख्खी बाग सोडतेय."

"मग या चार कुंड्या काढून काय होणार?"

"काही नाही. पण नुसती बघत कशी बसू?"

"मलाही ठेव बाहेर, एखाद्या कुंडीत," दत्तोबा हसायला गेले आणि त्यांचा श्वास अडकला. कुंदानं त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली. छाती भात्यासारखी हलत होती, पण आत काही जात नव्हतं.

तिनं पुन्हा फोन ओढला. "वाचवलेली वीज कोणासाठी ठेवलीय? बोला! दिवे लावताय की नाही?"