चिमट्यावरचा रंग

गोणपाटावर एकोणचाळीस वस्तू होत्या. दिवा, भोंगा, मागची गादी, सामान बांधायची जाळी, दोन्ही मडगार्ड, साखळीचं झाकण आणि मग लहानसहान पट्ट्या, नट, वायसर. चंद्रभाननं त्या दोनदा मोजल्या. शर्यतीला यातली एकही लागणार नव्हती. उरलेली मोटारसायकल भिंतीला टेकून उभी होती. विलायती, एका सिलिंडरची, बारा वर्षं जुनी, गेल्या वर्षीच घेतलेली, आता हाडापर्यंत उघडी.

इतवारीतल्या त्या शेडमध्ये एरवी टांगे रंगत. त्याचे वडील गणपतराव टांग्याच्या कडेनं अशी रेघ ओढत की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सूत जाड, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पट्टी लावून पाहणारे पैज हरत.

दाराशी खाटेवर थोरला भाऊ भैयाजी बसला होता. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी, हौशी लोकांच्या शर्यतीत, फुटाळ्याच्या वळणावर तो याच गाडीवरून पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तेव्हापासून घरात दोन वाक्यं फिरत होती. भैयाजी म्हणे, "वळणावर हँडल मऊ झालं." गणपतराव म्हणत, "लोखंड मऊ नाई होत. माणूस मऊ होते." 

चंद्रभान त्याच साली बी. एस्सी. झाला होता. गल्लीतल्या नानाजींनी यंदाच्या शर्यतीसाठी त्याला आपली नवी गाडी देऊ केली, ती त्यानं घेतली नाही. ह्याच गाडीनं तेच वळण घ्यायचं, म्हणजे दोघांपैकी एकाचं वाक्य खरं ठरेल, असं त्याचं म्हणणं. भैयाजी हसला होता. "अन् माहं खरं निघालं तं? या खाटेवर दोघं मावत नाई, बे."

म्हणून तो आधी एकेक भाग तपासत होता. आरे वाजवून पाहिले, सगळे एका आवाजात बोलले. हँडलखालच्या बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर ओरखडा नव्हता. टायर, आस, ब्रेकची तार, सगळं ठाकठीक. जितकं ठाकठीक निघत गेलं, तितकं वडिलांचं वाक्य जड होत गेलं. राहिला फक्त पुढचा चिमटा, ज्यात चाक बसतं. त्याच्यावर हिरवा रंग होता. गेल्या खंडेनवमीला, शर्यतीच्या आधी, गणपतरावांनीच दिलेला. त्यानंतर गाडीला कुंचला लागला नव्हता.

गणपतराव लाल रंगाचा डबा घोटत आले. शेडमधल्या हातोडीच्या दांड्यापासून शेगड्यापर्यंत सगळ्यांना नवा रंग मिळाला होता.

"हट बाजूले. खंडेनवमी उद्यावर आली. बिनरंगाचं हत्यार मी पूजेले नाई ठेवत."

"बाबा, चिमटा राह्यला. आधी खरवडतो."

"काहून? जुन्यावर नवा हात बसते. माह्या बापानं कधी खरवडलं नाई, मी नाई."

"खरवडू द्या न, बाबा," भैयाजी खाटेवरून म्हणाला. "रंगाचं तेवढं वजन उतरलं तं साहेब पहिले येतीन."

"तू नको बोलू. तुह्या हातात दम असता तं आज..." गणपतराव थांबले. डबा त्यांनी खाली ठेवला. "खरवड. पण दिवे लागायच्या आत माह्या ताब्यात पाहिजे."

चंद्रभाननं खालून सुरुवात केली. हिरवा निघाला, त्याखालचा कारखान्याचा काळा निघाला, मग पांढरं लोखंड. वर, नळी जिथं जोडात शिरते तिथं, त्यानं पॉलिशपेपर फिरवला. लोखंड आरशासारखं झालं. एक रेघ तेवढी राहिली, केसासारखी, आडवी. त्यानं रॉकेलचा बोळा फिरवला. रेघ तिथंच. पुन्हा पॉलिशपेपर, पुन्हा बोळा.

कुबडीचा आवाज झाला. भैयाजी उठून आला होता.

"ओरखडा असन," गणपतराव म्हणाले.

चंद्रभाननं सुई टेकवली. सुई आत गेली.

"मंग पडल्यावर चिरलं असन. गाडी केवढ्यानं आदळली, मी सोता पाह्यलं."

"तेव्हा चिरलं असतं तं आत नुसता गंज असता, बाबा. नाई तं त्या वळणावरची माती."

"अन् आहे काय?" भैयाजीनं विचारलं.

चंद्रभाननं सुई हळूच रेघेतून ओढली आणि तिचं टोक अंगठ्याच्या नखावर पुसलं. नख हिरवं झालं. त्यानं ते कोणाला दाखवलं नाही. पण हात मागे घ्यायचंही त्याला सुचलं नाही. पुन्हा सुई घातली, अजून खोल. पुन्हा हिरवं.

गणपतराव त्या नखाकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटांवर आजचा लाल होता.

भैयाजीनं वर्षभर याच घटकेची वाट पाहिली होती. तो कुबडीवर रेलला, तोंड उघडलं, आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून एवढंच म्हणाला,

"बाबा, बसा न."

गणपतराव बसले नाहीत. त्यांनी लाल डब्याचं झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबून घट्ट केलं. चष्मा धोतराला पुसला. फळीवरची पितळी पट्टी घेतली, तीच, जिच्यावर टांग्याच्या रेघा मोजून घेत. वाकून ती चिमट्यावर, रेघेला लागून धरली. उजेड कमी पडला तेव्हा चंद्रभान बाजूला सरला.

त्यांनी एकदा मोजलं. पट्टी उचलून पुन्हा लावली आणि पुन्हा मोजलं.

"सहा सूत," ते म्हणाले.