दुसरी ओळ

मुलगी दुसऱ्या ओळीवर अडली.

टीव्हीतली ती मुलगी हरिणीच्याच वयाची असेल. पहिली ओळ तिनं बरी म्हटली. दुसरीत सूर वर चढायचा होता, तिथं तिचा आवाज चिरकला. तिनं माइक खाली केला. परीक्षक खुर्च्यांतून बघत राहिले. मागं तंबोरा आपला वाजतच होता. मग मुलगी डोळे पुसत आत पळाली.

कमलाक्षीच्या हातातला अबोलीचा गजरा अर्धाच राहिला.

"बघितलंस?" ती नातीला म्हणाली. "ह्यासाठी जायचंय तुला तिरुच्चीला?"

हरिणी लहानपणापासून तिरुवैयारूला बस धरून गाणं शिकायला जात होती. ह्याच स्पर्धेची नवी निवड रविवारी तिरुच्चीत होती. भरद्वाजनं, म्हणजे तिच्या बापानं, सगळं आपल्या आईवर सोडलं होतं. आजी होय म्हणाली तर जा. आजी होय म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. म्हणून हरिणी रोज संध्याकाळी तिला टीव्हीपुढं आणून बसवी. बघून बघून मन वळेल अशी तिची आशा. पण एकेक पोर रडत परत जाताना दिसे आणि आजी अधिकच गप्प होई.

"आजी, तुला काय ठाऊक हे कसं असतं?" हरिणी चिडून म्हणाली. "तू कधी गेलीस?"

कमलाक्षी गेली नव्हती. तिची परीक्षाच घरी चालून आली होती.

पापनाशमचं माहेरचं घर. तंजावूरहून मुलगी पाहायला माणसं आली होती. बज्जी झाली, केसरी झाली, कॉफी झाली. मग रीतीप्रमाणे कोणीतरी म्हणालं, पोरीला एक गाणं म्हणू द्या. ते सगळे खुर्च्यांवर, ही खाली चटईवर. थोरली बहीण वरलक्ष्मी शेजारी सूर धरणाऱ्या श्रुतिपेटीचा भाता हलवत बसली. तिची आजी लग्नात वधूवरांच्या झोपाळ्यापाशी म्हणायची ते जुनं मराठी पद कमलाक्षीनं धरलं. पहिली ओळ गेली. दुसरीत सूर वर चढतो, तिथं आवाज चिरकला. ती उठली आणि थेट परसातल्या विहिरीपाशी जाऊन उभी राहिली. तिथवर श्रुतिपेटी ऐकू येत होती. गोंधळलेली वरलक्ष्मी भाता हलवायचं थांबलीच नव्हती. गाणारी गेली आणि सूर एकटाच चालला होता.

तरी होकार आला. का आला, ते सासूनं पुढं चारचौघींत हसत हसत सांगितलं. गळा ऐकून नाही आणली हो, शेत बघून आणली. कमलाक्षीही हसली. त्यानंतर ती कधी गायली नाही. पोरांना तिनं नुसतं थोपटून निजवलं. नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या कोलूपुढं आलेल्या बायकांनी एकेक गाणं म्हणायची रीत. हिची पाळी आली की ही हरभऱ्याचं सुंडल वाटायला उठे. कल्याणराम तेव्हा आतल्या दारात येऊन उभे राहत. नवऱ्याला भूक लागली असेल, असं समजून ती पहिली वाटी त्यांच्याच हातात देई. असं करता करता, हिला गाता येतं हेच सगळे विसरून गेले.

टीव्हीवर दुसरा कोणी गायला लागला होता.

"नको," कमलाक्षी म्हणाली. "चार माणसांपुढं मान खाली गेली की मग वर येत नाही. माझ्यापाठी बापाचं शेत होतं म्हणून मी खपले. हिच्यापाठी काय आहे?"

कल्याणराम आरामखुर्चीत पेपर वाचत होते. जन्मभर कचेरीत नोकरी केली, पण तिथंही ह्या माणसाचा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता. त्यांनी पेपरची घडी केली.

"शेताचं आई लोकांना सांगायची," ते म्हणाले. "आई तर नकोच म्हणत होती. मी हट्ट धरला."

कमलाक्षी त्यांच्याकडं बघतच राहिली. "तुम्ही? कशासाठी?"

"अर्धंच ऐकलं होतं. उरलेलं ऐकायचं होतं."

गजरा तिच्या मांडीवरून खाली घसरला. तिनं तो उचलला नाही.

"मग कधी म्हणाला का नाहीत?"

"एकदा खुर्चीत बसून तुला गायला लावलं, ते पुरे नव्हतं का? वाटलं, कधीतरी आपणहून म्हणशील. नवरात्रात दारात येऊन उभा राहायचो. तू सुंडल द्यायचीस."

हरिणीला हसू फुटत होतं आणि डोळेही भरत होते. तिनं टीव्ही बंद केला. कोणाला काही न विचारता मोबाइलवर तंबोऱ्याची श्रुती लावली आणि मोबाइल आजीपुढं जमिनीवर ठेवला.

सूर घरभर पसरला.

"एवढी वरची नको," कमलाक्षी म्हणाली. "एक पट्टी खाली घे. आणि रविवारी अडलीस तर अड. उठून पळू नकोस. सूर कुठं जात नाही."

कल्याणराम आरामखुर्चीतून उठले. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ते खाली जमिनीवर येऊन बसले.

कमलाक्षीनं डोळे मिटले. पहिली ओळ त्यांनी ऐकलेली होती. तिनं दुसरीपासून सुरू केलं.