तीन ठिपके

चुंबक दाराला चिकटला. बॉनेटला चिकटला. मागच्या चाकावरच्या पत्र्याला तर असा घट्ट बसला की ओढून काढावा लागला.

"बघा बाबा, कुठ्ठे पुट्टी नाही!" मुलगी गाडीभोवती नाचत होती. वय चौतीस, ड्रायव्हिंग स्कूलची मास्तरीण, आणि भर गाडीबाजारात नाचत होती.

बाप डेंटर होता. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करण्यात त्याची हयात गेली होती. पुट्टीला चुंबक धरत नाही. रंगाखाली कुठे काय भरलंय हे तो चुंबक फिरवून ओळखायचा आणि विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा. म्हणून जुनी गाडी घेणारा जो तो आधी त्याच्याकडे यायचा.

ही गाडी लाल होती. दोन दारांची, बसकी, एकवीस वर्षांची स्पोर्ट्स कार. मुलीने तिचा फोटो दोन महिने सगळ्यांना दाखवून दाखवून कंटाळा आणला होता. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसायचं, वीसच्या वेगाने फिरायचं आणि "क्लच, अहो क्लच!" म्हणून घसा फोडायचा. त्या बाईला एकदा तरी गाडी पळवायची होती.

"लवकर सांगा काय ते," ती म्हणाली. "माझे एक शिकाऊ आहेत ना, चष्मेवाले सर, ते टपून बसलेत. अजून रिव्हर्स घेताना घाम फुटतो, पण स्पोर्ट्स कार पाहिजे!"

"मागे माणसं बसतात का हो?" डेंटरने उगाच काहीतरी विचारलं.

"मागे पिशवी बसते, मिस्त्री," बाजारवाला हसला. "नाहीतर एखादं पोर."

डेंटर गुडघे टेकून आत वाकला. पुढची सीट सरकवली. कोपऱ्यातला गालिचा उचलला.

पत्र्यावर तीन ठिपके होते. टोच्याने मारलेले, एका ओळीत.

ते त्याचेच होते. काम मनासारखं झालं की तो असे तीन ठिपके मारायचा, कोणाला दिसणार नाहीत अशा जागी. एवढीच त्याची मिजास.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या शेडमध्ये दोन मेलेल्या गाड्या आल्या होत्या, दोन्ही निळ्या. एकीचं तोंड गेलेलं, एकीची पाठ. दोन्ही मधोमध कापायच्या आणि चांगल्या अर्ध्यांची एक करायची. पुट्टी भरली असती तर कोणाच्याही चुंबकाने चोरी पकडली असती. त्याने पुट्टी वापरलीच नाही. पत्र्याला पत्रा जोडला आणि घासला, इतका साफ की दुसऱ्या दिवशी त्याचा त्यालाच सांधा सापडेना. पण ठोकर बसली की गाडी बरोबर तिथेच दुभंगणार होती. "गावातल्या गावात चालवा, पळवू नका," असं त्याने नेणाऱ्याला बजावलंही होतं. स्पोर्ट्स कार, आणि पळवू नका! त्या वर्षी घरात गरज होती. गरज कोणाला नसते? चोरालाही असते.

मग गाडी लांब कुठेतरी गेली. तो विसरला. म्हणजे विसरायचं त्याने ठरवलं. आता ती चार हात फिरून, लाल होऊन, त्याच्याच पोरीसमोर येऊन उभी होती.

"बाबा? सापडलं का काही?"

एका वाक्याचं काम होतं. पण ही पोर रोज नव्या शिकाऊला सांगायची, "जुनी गाडी घ्याल तर माझ्या बाबांना दाखवा. सख्ख्या भावाच्या गाडीतला दोषसुद्धा ते झाकत नाहीत."

त्याने गालिचा खाली सोडला. तळहाताने दाबून नीट बसवला.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "पण तुझ्यासाठी नाही. फार खाली बसावं लागतं. तुझी कंबर चार दिवसांत धरेल."

"कंबर माझी, गाडी माझी! तुम्ही फक्त पत्रा बघा."

"हात जोडतो तुला. ही घेऊ नकोस."

बाबांनी कोणापुढे हात जोडलेले तिने जन्मात पाहिले नव्हते. तिने लाल टपावरून एकदा हात फिरवला आणि किल्ली बाजारवाल्याच्या हातावर ठेवली.

रस्त्यावर आल्यावर कुठे डेंटरला धड श्वास घेता आला. पोर वाचली. गाडीला आज ना उद्या दुसरं गिऱ्हाईक मिळणारच, हा विचार डोक्यात आला तसा त्याने हाकलून लावला. जगातल्या सगळ्यांची काळजी करायचा मक्ता त्याने घेतला होता काय? पोर वाचली, बस्स. तिला दुसरी गाडी बघू, चांगली बघू. खिशातला चुंबक चालताना मांडीवर आपटत होता.

मुलगी मागे रेंगाळत फोनवर बोलत होती. नाक ओढत होती, तरी हसत होती. मन मोठं होतं तिचं.

"नशीब काढलंत सर, मी नाही घेत ती. तुम्ही घ्या, बिनधास्त घ्या. बाबांनी गुडघ्यावर बसून, गालिचा उचलून बघितलीय... हो हो, मागे तुमची छोटी आरामात मावेल... अहो, चांगली आहे म्हणाले ना ते! दोष असता तर माझे बाबा बोलल्याशिवाय राहिले असते होय?"