बाईंचे सर

खुल्या तासाला पालक मागच्या बाकांवर बसले होते. त्यांच्यात सर होते. निवृत्त झाले, केस पांढरे झाले, पण तोरा तोच. बाईंनी त्यांना दारातच ओळखलं. त्यांनी बाईंना ओळखलं नाही. कसं ओळखतील? लहानपणी गणित चुकलं की ते बाईंना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, तेव्हा त्यांना दिसायची ती पाठच. बाईंनी मात्र इतकी वर्षं डूख धरला होता.

आज त्यांची नात बाईंच्या वर्गात होती. बाईंनी मुद्दाम तिलाच फळ्याशी बोलावलं आणि न शिकवलेलं गणित घातलं, अर्धा अधिक पाव. होऊ दे फजिती चारचौघांत. कळू दे म्हाताऱ्याला.

पोरीने उत्तर लिहिलं, दोन छेद सहा. मागे सर खाकरले. ते ऐकताच पोरीने खडू ठेवला आणि कोणी काही न सांगता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बाईंनी त्या पाठीकडे पाहिलं. म्हणजे घरीही हेच चालतं. राग काही विरला नाही, पण पोरीवरून तो उठला आणि थेट मागच्या बाकावर जाऊन बसला.

त्यांनी पोरीला अलगद वळवलं आणि खडू परत हातात दिला. चूक झकास आहे म्हणाल्या, ती कशी झाली ते आम्हाला सांग. पोर आधी चाचरली. मग वरचे आकडे वर, खालचे खाली कसे मिळवले ते सांगू लागली. बाईंनी अर्ध्याचं आणि तिच्या उत्तराचं चित्र काढायला लावलं. दोन छेद सहा अर्ध्याहून लहान निघाला, तशी तीच फिस्सकन हसली. मिळवलं आणि कमी झालं! तिने पुसलं, पुन्हा मांडलं, पाऊण आणला. वर आणखी एक घाला म्हणून हटून बसली. मग एकदम तिने विचारलं, "बाई, तुमचे सर पण तुमच्यासारखेच होते?"

बाई मागच्या बाकाकडे वळल्या.

"माझे सर इथेच बसलेत. तुझे आजोबा." मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, भिंतीजवळची मी. आठवते ना?"

सरांचा चेहरा उतरला. पालकांना काय ठाऊक? त्यांनी कौतुकाने टाळ्या सुरू केल्या, शेजारच्याने सरांना आग्रहाने उभं केलं. सर मान खाली घालून उभे राहिले.

सगळ्यांत जोरात टाळ्या नात वाजवत होती.