गच्चीवरचा अँटेना

वाऱ्याने अँटेना फिरला की टीव्हीवरचं चित्र चौकोनाचौकोनांत फुटायचं. मग तिचा नवरा गच्चीवर जाऊन खांब फिरवायचा आणि ती खालून, खिडकीतून ओरडून सांगायची. तो वारून आता आठ महिने झाले होते. आज दुपारी लेक म्हणाली, "आई, मी जाते वर. तू नुसतं सांगत राहा," आणि पाना घेऊन जिना चढून गेली.

ती टीव्हीसमोर बसली. सिग्नलची पट्टी अर्ध्यावरच अडकली होती.

"डावीकडे फिरव!"

वर खांब करकरला. पट्टी जराशी सरकली.

"अजून थोडं! हळू!"

चौकोन एकमेकांत मिसळले आणि बातम्या देणारीचा चेहरा लख्ख दिसू लागला. वर खांबावर दोन ठोके पडले. ओरडायचा कंटाळा म्हणून नवरा असेच ठोके देऊन विचारायचा, आलं का?

तेवढ्यात लेक दारातून आत आली. "आई, गच्चीचं कुलूप गंजलंय गं. मघापासून खटपट करतेय, उघडतच नाही. तेल आहे का घरात?"

तिने टीव्हीकडे पाहिलं. इतकं स्वच्छ चित्र कधीच आलं नव्हतं. पुन्हा दोन ठोके पडले. 'आलं' म्हटलं की तो लगेच हत्यारं आवरायचा.

ती खिडकीशी गेली.

"नाही आलं अजून!" तिचा आवाज चिरकला. "अहो, आणखी थोडं फिरवा!"

वर खांब करकरला, आणि ते स्वच्छ चित्र हळूहळू पुन्हा फुटू लागलं.